‘शिक्षा’ कर्जाची आणि हिशेब कॉफीचा

भालकी तालुक्यातील एक शेतकरी पालक परवा मुलाचा मोबाइल घेऊन घरी आले. मुलगा पीयूसी उत्तीर्ण झालेला, अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणारा. त्याला एका कर्ज कंपनीचा मराठी ई-मेल आला होता. पहिलीच ओळ होती, ‘आपल्या पाल्याच्या शिक्षेसाठी अविश्वसनीय कर्ज.’ पालकांनी विचारले, ‘‘गुरुजी, पोरानं असा काय गुन्हा केला, म्हणून शिक्षा?’’

हसू आले; पण हसून सोडून देण्यासारखा हा विषय नाही.

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. कन्नडमध्येही ‘शिक्षे’ म्हणजे दंडच. म्हणजे सीमाभागातील दोन्ही भाषांना जे ठाऊक आहे, ते दूरच्या शहरातून हिंदीवरून मराठी मजकूर उतरवणाऱ्याला, मग तो माणूस असो वा यंत्र, ठाऊक नाही. ‘अविश्वसनीय’ शब्दाचीही तीच गत. जाहिरातदाराला ‘थक्क करणारे’ म्हणायचे असेल. पण ज्यावर विश्वास ठेवू नये त्यालाही मराठी माणूस अविश्वसनीयच म्हणतो. कन्नडवरून उतरवलेल्या एका पत्रकात तर ‘सुवर्ण अवकाश’ देऊ केलेला पाहिला. कन्नडमध्ये ‘अवकाश’ म्हणजे संधी. मराठी वाचकाने मात्र आकाशाकडे पाहायचे!

शब्दांपेक्षाही घातक असते ती उपमा. त्याच ई-मेलमध्ये पुढे लिहिले होते, ‘हप्ता फक्त दिवसाला एका कॉफीइतका.’ आमच्या बसस्थानकावर दहा रुपयांत चहा मिळतो. पालकांनी त्यावरून हिशेब केला: दिवसाला दहा, महिन्याला तीनशे. त्यांनी मनाशी होकारही ठरवला होता. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत हप्ता होता महिना ७,५०० रुपये. म्हणजे कॉफी अडीचशे रुपयांची! महानगरातील वातानुकूलित दुकानात ती त्या भावाने मिळत असेल. औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या माणसाने ती पाहिलेलीही नाही.

हीच गोष्ट आपल्याकडच्या भाषेत कशी सांगता आली असती? बिदर-कलबुर्गी हा तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. ‘दरमहा एक क्विंटल तूर द्यावी लागेल’ असे लिहिले असते, तर कोणत्याही शेतकऱ्याने ते एका दमात समजून घेतले असते आणि सही करण्यापूर्वी चार वेळा विचार केला असता. कदाचित म्हणूनच तसे लिहिले जात नसावे.

याबाबत नियम नाहीत असे नाही. फसव्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत त्याखालील खुलासा असावा, असे त्यांत म्हटले आहे. मराठीत आमिष आणि इंग्रजीत अट, हे त्यात बसत नाही. तसेच १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मुख्य बाबींचे पत्रक देणे बंधनकारक केले आहे. सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर त्यात असतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे.

येथे कन्नडशी भांडण नाही. ती राज्याची भाषा आहे, आमची मुले ती शिकतात. प्रश्न एवढाच की, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर कर्नाटकात राहिलेल्या मराठी माणसाकडून धंदा करायचा असेल, तर त्याच्याशी खरी मराठी बोलावी. मजकूर धाडण्यापूर्वी येथील एखाद्या जाणत्या माणसाकडून तो वाचून घेण्यास कितीसा खर्च येतो?

आमच्या समितीने असे मजकूर गोळा करून संबंधितांकडे पाठवावेत, असा आग्रह मी धरणार आहे. तोवर वाचकांनी एक पथ्य पाळावे. कॉफी, पिझ्झा किंवा सिनेमाच्या तिकिटाची उपमा दिसली की थांबावे, ‘महिन्याला किती आणि किती वर्षे?’ एवढेच विचारावे आणि उत्तर मराठीत, लेखी मागावे. ते पालक आता तसे पत्रक मागणार आहेत.