जोखीम कोणाच्या वाट्याला?

12 जून 2014 रोजी भिलाई पोलाद कारखान्याच्या एका पंपहाउसात पाण्याचा दाब कोसळला. झोतभट्टीचा वायू धुणाऱ्या यंत्रणेत पाणीच वायूला अडवून धरते. ते हटले आणि कार्बन मोनॉक्साइड उलटा पंपहाउसात शिरला. सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर ठरवून घेतलेल्या दुरुस्तीत भडका उडाला. मृतांत खबरदारी म्हणून उभे केलेले अग्निशामक कर्मचारीही होते.

या कारखान्याचे रूळ देशभर जातात, तेव्हा लाभ सगळ्यांचा. धोका मात्र बोरसीसारख्या आसपासच्या वस्त्यांतून पाळीवर जाणाऱ्यांचा. आपण सुरक्षा अधिकारी जोखीम मोजताना शक्यतेला तीव्रतेने गुणतो आणि तक्त्यातल्या चौकटीला लाल, पिवळा, हिरवा रंग देतो. त्या चौकटीत उभा कोण, हे तक्ता विचारत नाही. माझ्या मते हा तांत्रिक नव्हे, नैतिक दोष आहे. तीच हिरवी चौकट कायम कामगाराला एक अर्थ सांगते आणि ठेकेदाराच्या माणसाला दुसरा. पहिला ‘गॅस तपासल्याशिवाय उतरत नाही’ म्हणू शकतो. दुसऱ्याने तसे म्हटले, तर उद्या गेटपास मिळेल याची खात्री नसते.

‘तो राजी होता, वर्क परमिटवर त्याची सही आहे’ हा युक्तिवाद आपण चौकशीत नेहमी ऐकतो. नकार देण्याची ऐपत नसलेल्याच्या होकाराला मी संमती म्हणणार नाही. जोखीम भत्त्यानेही हे मिटत नाही. पैसे घेतल्याने फुफ्फुसे वायू सोसायला शिकत नाहीत.

भोपाळ वायुगळतीनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, कारखाना कायद्यात कामगाराला निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क आला. त्याआधी दिल्लीच्या ओलियम गळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगावर पूर्ण दायित्व ठेवले. पण दायित्व अपघातानंतरचे. आपले काम त्याआधीचे आहे.

म्हणून जोखीम नोंदवहीत एक रकाना वाढवा: काम कायम माणसाचे की ठेक्याचे, आणि थांबवण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाकडे. धोका पाहून काम थांबवणाऱ्या ठेका कामगाराची त्या दिवसाची हजेरी पूर्ण लागेल, ही अट निविदेतच घाला. व्यवस्थापन खर्च विचारील. आकडा काढून त्यांच्यासमोर ठेवा.