ईयोबाची फिर्याद

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका इमारत-दुर्घटनेची नोंद आहे. येरुशलेमेतील शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे त्याखाली सापडली. आणि ही माणसे शहरातील इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असा सवाल ख्रिस्ताने भोवतीच्या मंडळींना करून त्याचे नकारार्थी उत्तरही तत्क्षणी देऊन टाकले. पश्चात्ताप करा, असा इशारा त्याने त्यापुढे दिला खरा. पण तो ऐकणाऱ्या जिवंतांना, बुरुजाखाली गेलेल्यांना नव्हे. आपल्या विरार पूर्वेला ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशचतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, परवानगीवाचून उभी राहिलेली एक चार मजली इमारत कोसळून १७ जीव गेले. अशा प्रसंगी हिंदू घरात ‘प्रारब्ध’ आणि ख्रिस्ती घरात ‘ज्याचा त्याचा क्रूस’ हे शब्द किती सहज ओठांवर येतात, आणि ते उच्चारल्याबरोबर चौकशीची निकड कशी हळूच मंदावते, हे या वसई तालुक्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

दुःखाविषयीच्या बायबलच्या भूमिकेची एक सोयीस्कर विभागणी आपल्याकडे रूढ आहे. यहुदी शास्त्र म्हणजे दंडविधान, तेथे दुःख ही पापाची शिक्षा. ख्रिस्ती शास्त्र म्हणजे प्रेम, तेथे दुःख हे उद्धाराचे साधन. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील शापांची लांबलचक यादी पुढे केली की पहिला अर्धा भाग सिद्ध झाल्यासारखा वाटतो, आणि गुड फ्रायडेचे प्रवचन ऐकले की दुसरा. परंतु ज्या परंपरेने ती यादी जतन केली, त्याच परंपरेने त्या यादीविरुद्धची सर्वांत प्रखर कैफियतही आपल्या पवित्र ग्रंथसंग्रहात सामील करून घेतली, ही गोष्ट या विभागणीत बसत नाही.

ती कैफियत म्हणजे ईयोबाचे पुस्तक. या ४२ अध्यायांच्या ग्रंथाची भाषा भक्तीपेक्षा कज्जेदलालीला जवळची आहे. मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगावर गळवे उठली, आणि राखेत बसलेला हा मनुष्य देवाशी आपला दावा चालावा म्हणून दोघांच्या मध्ये हात ठेवील असा एखादा पंच मागतो. एकतिसाव्या अध्यायात तर, ही घ्या माझी सही, आता प्रतिवादीने माझ्यावरील आरोपपत्र लिहून द्यावे, अशी उघड मागणी करतो. त्याच्या समाचाराला आलेले अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहिले, आणि माझ्या मते त्यांच्या हातून घडलेले तेवढेच एक सत्कृत्य. कारण तोंड उघडताच त्यांनी धर्मशास्त्र सांगण्यास आरंभ केला. तू काहीतरी केले असलेच पाहिजेस, एरवी असे घडते ना, हे त्यांचे प्रमेय. शेवटी वावटळीतून देव बोलतो तेव्हा तो ईयोबाच्या फिर्यादीतील एकाही कलमाला उत्तर देत नाही, हिमाची कोठारे, रानबकरीचे विणे आणि शहामृगाचा मूर्खपणा यांविषयी उलट त्यालाच प्रश्न विचारतो. तथापि निकालपत्राच्या अखेरीस, बोलला तो ईयोबच यथार्थ बोलला, हे मित्र नव्हेत, असा अभिप्राय तो स्वच्छ नोंदवतो. देवाची वकिली करणारे हरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. आणि नव्या करारात या माणसाचे नाव किती वेळा यावे? याकोबाच्या पत्रात, केवळ एकदा, आणि तेही सोशिकपणाचा आदर्श म्हणून! जन्मदिवसाला शाप देणाऱ्या या फिर्याद्याला ख्रिस्ती व्यासपीठाने मुकाट सोसणारा संत बनवून टाकले.

यहुदी दृष्टी समजून घेण्यासाठी वसईकराला फार दूर जावे लागत नाही. खाडीपलीकडे ठाण्यात १८७९ पासून बेने इस्रायलांचे सभागृह आहे, आणि मराठी हीच या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची घरची बोली. येरुशलेमेचे मंदिर इ. स. पू. ५८६ मध्ये आणि पुन्हा इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झाले. त्या दोन्ही आपत्तींचा शोक जगभरचे यहुदी आव महिन्याच्या नवमीला उपवास करून पाळतात. कोकणातल्या बेने इस्रायलांनी त्या दिवसाला ‘बिरड्याचा रोजा’ असे नाव दिले, कारण त्या उपवासाच्या जेवणाची सांगड सोललेल्या वालांच्या बिरड्याशी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका शहराचा विनाश वालाच्या कालवणात स्मरणबद्ध करणारी ही माणसे त्या दिवशी जमिनीवर बसून विलापगीतांचे वाचन ऐकतात. या पाच विलापांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत, जणू शोकालाही शिस्त हवी. पाचव्यात मात्र तो क्रम सुटतो, आणि तू आम्हांला अगदीच टाकून दिलेस काय, अशा आशयावर ग्रंथ संपतो. एवढ्या कडवटपणावर वाचन थांबू नये म्हणून उपान्त्य ओळ पुन्हा म्हणण्याची प्रथा आहे. ग्रंथात फेरफार करून गोड शेवट जोडण्याचे धाडस मात्र कोणी केलेले नाही. तालमूदमध्ये रब्बी योहानान एका आजारी विद्वानाला भेटावयास जातो आणि ही पीडा तुला प्रिय आहे काय असे विचारतो. तो उत्तरतो की मला पीडाही नको आणि तिच्यापासून मिळणारे पुण्यही नको. योहानान त्याला उपदेश करीत नाही, हात पुढे करून उठवतो.

आता ख्रिस्ती बाजू. क्रुसावरील ख्रिस्ताने मार्कच्या वृत्तान्तानुसार जो आक्रोश केला तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. म्हणजे अंतकाळी त्याच्या मुखात आला तो यहुदी तक्रारीचाच सूर. भेद पडतो तो त्यापुढे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील पीडित सेवकात ख्रिस्ती वाचकाला ख्रिस्त दिसतो आणि त्याचे दुःख इतरांच्या मुक्तीचे मूल्य ठरते. अकराव्या शतकातील भाष्यकार राशीला त्याच सेवकात सबंध इस्रायल दिसले, आणि १०९६ मध्ये ऱ्हाईनकाठच्या यहुदी वस्त्यांची कत्तल करणारे धर्मयोद्धे छातीवर क्रूस लावूनच आले होते. आपल्या किनाऱ्याचाही या हिशोबात वाटा आहे. ज्याला पोर्तुगीज सत्तेने मुंबई बेट पट्ट्याने दिले होते, तो यहुदी वंशाचा वैद्य गार्सिया द ओर्ता मेल्यानंतर त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण सभेने जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. दुःखातून उद्धार होतो हे सूत्र दुसऱ्याला दुःख देणाऱ्याच्या हाती पडले म्हणजे काय होते, ते येथे दिसते.

त्याच शतकात वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आणखी २५ जणांसह क्रुसावर गेला, आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचला. त्याच्याविषयी वसईला वाटणारा अभिमान सार्थ आहे. पण त्याने क्रूस पत्करला होता, हे त्या अभिमानाच्या भरात विसरले जाते. पत्करलेल्या दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार पत्करणाऱ्याला आहे. निकृष्ट काँक्रीटखाली झोपेत चिरडलेल्या भाडेकरूने काय पत्करले होते? उपवासकाळातील शुक्रवारी आपल्या देवळांतून क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने आळवली जातात, त्यांपैकी पाचव्यावर कुरेनेकर शिमोन उभा आहे. शेताकडून येणाऱ्या या परक्या माणसाला शिपायांनी वेठीला धरले आणि त्याच्या खांद्यावर क्रूस लादला. भक्तिगीतांत त्याचा सहकार्य करणारा सज्जन होतो. शुभवर्तमानात मात्र ती शुद्ध बिगार आहे.

क्रुसाने शरणागतीच शिकवावी असे नाही, याचा दाखलाही वसईतच आहे. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, आणि हरित वसईसाठी रस्त्यावरही उतरले. पाणी आणि जमीन गमावणाऱ्या गावकऱ्यांना त्यांनी सोसण्याचा उपदेश केला नाही.

तेव्हा आमच्या धर्मगुरूंना आणि समाचाराला जाणाऱ्या सर्वांनाच एक विनंती. पुढच्या दुर्घटनेनंतर देवाच्या मर्जीविषयी बोलण्यापूर्वी ईयोबाचा बेचाळिसावा अध्याय उघडावा. देवाच्या वतीने भलतेच बोलल्याबद्दल त्या तिन्ही सांत्वनकर्त्यांना तेथे होमार्पणाचे प्रायश्चित्त सुनावलेले आहे, आणि ईयोबाने रदबदली केल्यावरच त्यांना माफी मिळाली: सात गोऱ्हे आणि सात एडके.