पुराना मंदिर विरुद्ध झी हॉरर शो

आमच्या श्रीरामपुरातली भाचेमंडळी म्हणतात, रामसे बंधूंनी खरं घाबरवलं ते १९९३च्या 'झी हॉरर शो'मध्ये. १९८४चा 'पुराना मंदिर' म्हणजे नुसतं हसू. मंडळी, साफ अमान्य! जगदीपची 'शोले'छाप ठिगळं मलाही नकोशी होतात, ते सोडा. पण गोष्ट बघा ना... सामरीच्या शापाने त्या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात, म्हणून बाप पोरीच्या प्रेमाच्या आड येतो. ही धास्ती आपल्या घरांना काय नवी आहे? मालिकेतही तुलसी-श्याम हेच, धूर तोच, करकरणारं दारही तेच. फक्त भूत दर थोड्या भागांनी नवं, आणि अंगावर काटा येतोय तोवर जाहिरात! अनिरुद्ध अगरवालचं ते धूड एकवीस इंची डब्यात मावणार तरी कसं?