पेढीवरील संगणक आणि वैशाखाचे ऊन



नागपूरच्या उन्हाळ्याचा परिचय वाचकांस करून देण्याचे प्रयोजन नाही. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते. अशा दिवसांत माणूस सावली शोधतो; पेढीवरील संगणक मात्र भिंतीला टेकून, धुळीत, दिवसभर चालूच असतो.

गतवर्षी मे महिन्यात, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या ऐन 20 तारखेस, आमच्या इतवारीतील पेढीवरचा संगणक दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. "शेठजी, यंत्र गेले. आता नवेच घ्यावे लागेल," मुनीमजी म्हणाले. मला यंत्रापेक्षा त्यातील वर्षभराच्या हिशेबाची चिंता होती.

यंत्र कसे बंद पडते, यावरून दोषाचा माग लागतो. सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर प्रथम उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच थांबते. टेबलास धक्का लागताच बंद पडत असेल, तर विजेची जोडणी सैल असू शकते. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी पडद्याची वायर आणि प्रोसेसरजवळची चार वा आठ पिनांची वीजजोडणी घट्ट बसली आहे का, ते पाहावे.

आम्ही प्लग काढून, थोडे थांबून, पेटीचे झाकण उघडले. प्रोसेसरवरील पंखा धुळीने जाम झाला होता. आत कोळी वा मुंग्या असल्यास त्यांना जयणापूर्वक बाजूस सारावे. मग पाते बोटाने धरून कोरड्या, मऊ ब्रशाने धूळ काढावी. पंख्याची बारीक वायर मदरबोर्डवरील आपल्या जागी नीट बसवावी. पंखा स्वच्छ असूनही यंत्र तापत असेल, तर त्याखालील थर्मल पेस्ट वाळली असण्याचा संभव असतो. ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात घातक वीज साठून राहू शकते.

पंखा फिरू लागताच आम्ही प्रथम सारे हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि मगच विवरणपत्र भरले. ते त्याच सायंकाळी दाखल झाले.

पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. ती हवा 45 अंशांची असेल, तर त्याहून थंड वारा तो कोठून आणणार? म्हणून यंत्र भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीहून उंच ठेवावे. कूलरचा ओलसर झोत त्यावर थेट येऊ देऊ नये. दरवर्षी अक्षय्य तृतीयेपूर्वी एकदा ही सफाई करावी आणि हिशेबाची प्रत मात्र रोज दुकान वाढवण्यापूर्वी घ्यावी.