इष्टांक संपला म्हणजे नेमकं काय संपलं?

माणगावकरांनो,

येत्या 16 ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन आहे. शाळांत चित्रकला स्पर्धा होतील, कचेऱ्यांत शपथ घेतली जाईल, ‘2030 पर्यंत भूक शून्यावर’ असा फलक धरून कुणीतरी फोटो काढून घेईल. नेमक्या याच दिवसांत आपल्या तालुक्यातल्या आदिवासीवाड्यांवर मुकादमाच्या फेऱ्या चालू असतात. उचल वाटली जाते, दिवाळी कशीबशी उरकते आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं टेम्पोत भरून कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळसाभट्ट्यांवर निघून जातात. ती परततात पावसाच्या तोंडावर. हातात पैसा थोडा, डोक्यावर उचल पुन्हा शिल्लक.

जगाने भूक संपवण्याच्या शपथा आजवर कमी घेतलेल्या नाहीत. 1974 साली रोमच्या परिषदेत ठरलं, की दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही. 1996 मध्ये पुन्हा रोमलाच ठरलं, की 2015 पर्यंत उपाशी माणसांची संख्या निम्मी करू. 2015 उजाडल्यावर मुदत 2030 वर गेली. सप्टेंबर 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘अन्नव्यवस्था’ बदलण्यासाठी शिखर परिषद भरवली, तेव्हा जगातल्या कितीतरी शेतकरी आणि मच्छीमार संघटनांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. पंगतीत यजमानाच्या पाटावर बड्या कंपन्या आणि पिकवणारा मात्र उष्टी काढायला, अशी त्यांची तक्रार होती. संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालानुसार 2024 साली जगात 67 कोटींहून जास्त माणसं भुकेली होती.

या मोहिमांची टिंगल करायला हे पत्रक काढलेलं नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की माणगावातली भूक धान्याच्या टंचाईची नाही, ती कागदाची आणि जमिनीची आहे. म्हणून ती रोममध्ये सुटणार नाही. तहसील कचेरीत आणि ग्रामसभेत सुटेल.

भुकेचं उत्तर इथेच शोधणं महाराष्ट्राला नवं नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात आधी आपण लिहिला, दिल्लीने 2005 मध्ये उचलला. 2001 साली सरकारी गोदामं धान्याने फुटत असताना माणसं उपाशी मरत होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला. त्यातूनच शाळेतलं शिजवलेलं जेवण देशभर सक्तीचं झालं. त्याच खटल्यात 2 मे 2003 रोजी न्यायालयाने सांगितलं, की आदिम जमातींना अंत्योदय कार्ड द्या. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. मग 2013 मध्ये अन्न सुरक्षा कायदा आला.

आता हिशेब करा. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो. चार माणसांचं कातकरी घर प्राधान्य यादीत ढकललं की त्याला 20 किलो मिळतं. महिन्याला 15 किलो गेले, वर्षाला 180. हे कुणी चोरून नेलं नाही, रकाना चुकीचा भरला एवढंच! लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्या पोरांची तर त्याहून वाईट गत. नाव बापाच्या कार्डावर, बाप दुसऱ्या वाडीत, नवीन कार्ड मागायला गेलं की उत्तर तयार: ‘इष्टांक संपलाय.’ हा इष्टांक ठरला 2011 च्या जनगणनेवरून. राज्यासाठी सात कोटींच्या आसपास माणसं, त्यापुढे दार बंद. 2021 ची जनगणना झालीच नाही. म्हणजे 2011 नंतर या तालुक्यात जन्मलेलं पोर आता हायस्कुलात जातं, पण ज्या आकड्यावर गावाचं धान्य ठरतं त्यात ते नाही.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांची दुसरीच तऱ्हा. रास्त भाव दुकानात उभं राहून एकदा बघा. भट्टीवर विटा थापून आलेली बाई मशीनवर अंगठा ठेवते. मशीन नाही म्हणतं. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते. दुकानदार सांगतो, दुसरं बोट लाव. दुसरं, तिसरं. रांग कुरकुरते. माती मळून मळून बोटांच्या रेघा झिजल्या, त्याला ती काय करणार? ‘उद्या ये’ म्हणतात. उद्याची मजुरी बुडवून ती पुन्हा येते. भट्टीवर असताना कुठल्याही दुकानात धान्य मिळेल असं सरकार सांगतं, आणि नियम तसा आहेही. पण भट्टी असते गावाबाहेर, आठवड्याचा खर्ची-बाजार मुकादमाच्या हातात, आणि तिथला दुकानदार म्हणतो माल आमच्या कार्डांपुरताच आला.

अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 8 मध्ये लिहिलंय, की हक्काचं धान्य दिलं नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता रोख द्यायचा. आमच्या माहितीतल्या एकाही घराला तो मिळालेला नाही. कलम 4 मध्ये लिहिलंय, की गरोदर बाईला किमान 6000 रुपये. त्यावर योजना आली ती पहिल्या बाळंतपणाला 5000 ची, आणि दुसऱ्या वेळी मुलगीच झाली तर 6000. कायदा एक सांगतो आणि योजना त्यातून हजार रुपये कापून घेते, तेही बाळंतिणीचे.

चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘फुकट तांदूळ मिळतो म्हणून लावणीला माणूस मिळत नाही.’ बोलणारे आपलेच लोक आहेत, त्यांना सरळ विचारतो. पहाटे अंधारात माती मळायला उठणारा माणूस आळशी कसा? तो तुमच्या लावणीला येत नाही, कारण त्याने भट्टीची उचल घेतली आहे. उचल का घेतली? भादव्यात घरात काही नव्हतं म्हणून. आदिवासींसाठी सरकारने पूर्वी खावटी कर्जाची योजना काढली आणि 2020-21 मध्ये 4000 रुपयांचं खावटी अनुदान दिलं. पावसाळ्यात या घरांत चूल पेटत नाही, हे सरकारनेच कागदावर मान्य केलेलं आहे.

आणि या माणसांना अन्न मिळवता येत नाही असं कुणी समजू नये. जूनच्या पहिल्या सरींनंतर हमरस्त्याच्या कडेला शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात त्या कातकरणीच. सोबत काकडाची फळं, ती भाजीत घातली म्हणजे घशाला खाज येत नाही. मुंबईच्या गाड्या थांबतात, भाव पाडून घेतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, करांदे, चिंबोऱ्या: एवढं सगळं जिला ठाऊक, ती संध्याकाळी घरी जाऊन रेशनचा नुसता भात खाते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. नुसत्या भाताने पोट भरतं, हाड वाढत नाही.

नाचणी द्या म्हटलं तर? 2023 हे भारताच्या पुढाकाराने भरडधान्याचं जागतिक वर्ष झालं, दिल्लीत जी-20 च्या पाहुण्यांना भरडधान्याची पक्वान्नं वाढली. 2025-26 साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4886 रुपये आहे, भाताचा 2369. पण त्या भावाने नाचणी घेणारा सरकारी काटा आमच्या डोंगरवाड्यांत आम्ही पाहिलेला नाही. कर्नाटकच्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर नाचणी मिळते. आपल्याला डोंगरावर पिकवता येते, खालच्या दुकानात मिळत नाही.

डोंगरावरची ती जमीन तरी कुणाची? खोताच्या जुलमाविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून वर्षानुवर्षं शेतं पडीक ठेवली, स्वतः उपास काढले. बाबासाहेबांनी 1937 मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. 1949 च्या कायद्याने खोती गेली, पुढे कुळं मालक झाली. कातकरी मात्र कुळही नव्हता, तो गडी होता. त्याच्या वाट्याला सातबारा आलाच नाही. जंगलातल्या दळीच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या, त्यांचे वनहक्काचे दावे 2006 च्या कायद्यानंतरही फायलींत फिरताहेत. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचं बळही नाही. याच माणगाव-रोह्याच्या खोऱ्यात दिघी औद्योगिक क्षेत्राला 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली, सहा हजारांहून जास्त एकरांवर. कारखान्याच्या जमिनीचा नकाशा तयार होतो आणि दळीच्या मोजणीला भूमापक मिळत नाही, ही आपल्या अन्नव्यवस्थेची खरी स्थिती आहे.

म्हणून अन्न दिनाच्या शपथेऐवजी एक काम करा. टेम्पो निघण्याआधी, दिवाळीच्या आत, आपापल्या ग्रामपंचायतीत विशेष ग्रामसभेची लेखी मागणी द्या आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 28 प्रमाणे रेशन दुकानाचं सामाजिक अंकेक्षण तिथेच मागा. दक्षता समितीवर कोण आहे ते नावानिशी वाचून घ्या. प्रत्येक कातकरी घराला अंत्योदय कार्ड आणि बुडालेल्या महिन्यांचा भत्ता, असे अर्ज जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या नावे करा. सभेला येताना कार्ड, शेवटच्या पावत्या आणि दळीच्या दाव्याची पोच बरोबर आणा. पावती मिळालीच नसेल तर तेही अर्जात लिहा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

माणगाव तालुक्यातले काही शेतकरी, मजूर आणि शिक्षक
(वाचून झालं की शेजारच्या वाडीत द्या.)