पताका कोणी चिकटवायच्या?

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही सात दिवस आपल्याच माण तालुक्यातील एका वाडीवर होतो. श्रमदानाने बंधारा घातला, वाट दुरुस्त केली आणि शेवटच्या दिवशी समारोपासाठी वाडीची शाळा सजवली. सामान दहिवडीच्या बाजारातून आणले होते : चमकीच्या माळा, फुगे, सोनेरी अक्षरे. तासाभरात त्या दोन खोल्या आम्ही अशा नटवल्या की आमचे आम्हालाच कौतुक वाटले. मुले दारात उभी राहून बघत होती. त्यांतले एक-दोघे आत आले, तेव्हा "हात लावू नका रे, तुटेल," असे कोणीतरी दटावले. खोटे कशाला बोलू? तो मीच होतो.

पाहुण्यांची भाषणे झाली, फोटो झाले. मग माळा पुन्हा खोक्यात भरल्या; स्नेहसंमेलनाला उपयोगी पडतील, असा हिशेब होता. आम्ही टेंपोत चढत असताना दुसरीतल्या एका पोराने विचारले, "दादा, साळा परत हुती तशी केलीसा व्हय?" मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. म्हणून हा लेख.

माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. पंधरा ऑगस्ट जवळ आला की आई चिंचोके भाजते, त्यांची साले काढते, भिजवून वाटते आणि शिजवून त्यांची खळ करते. आपल्याकडचे घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला लावतात तीच ही खळ. जुन्या वह्यांचे कागद रंगवून, त्रिकोणी कापून, सुतळीवर या खळीने पताका चिकटवायच्या. खळ लावण्याचे काम मुलांचे. अर्धी खळ कागदाला आणि अर्धी सदऱ्याला लागते. पताका वाकड्या बसतात. पण आई घ्यायला आलेली दिसली की प्रत्येक पोर बोट दाखवून सांगते, "ती माझी!" पहिलीच्या वर्गात जाणाऱ्या मुलांना निरोप देताना ती चिंध्यांची बाहुली, नाहीतर लोकरीचा गोंडा देते. विकत घ्यायला गेले तर त्याला मोल नाही. पण ते गोंडे दप्तराला बांधलेले मी चौथीतल्या मुलांकडेही पाहिले आहेत.

आपली मुले हाताने काही करीत नाहीत, असे थोडेच आहे? बेंदराला वाडीवस्तीवर आजही चिखलाचे बैल होतात. ज्वारीच्या चिपाडाची साल आणि आतले भेंड यांची बैलगाडी कशी करायची, हे कोणत्या पुस्तकात दिलेले नाही, तरी पोरांना येते. मग हेच हात शाळेच्या दारात आले की "हात लावू नका" हे आपण त्यांना का शिकवतो?

याचा विचार आपल्या आधी थोरांनी केला आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला ग्रामीण भागातील बालशिक्षणाचे काम करू लागल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे कोण आणणार? त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने हीच साधने केली. मुले गुरे राखायला गेली तर शाळा कुरणात नेली. मेंढरांमागे गाव सोडणाऱ्या आपल्या मुलांचा प्रश्न काही वेगळा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी'तही धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर गावाच्या श्रमातून तालीम उभी करतो. ती आयती आली असती, तर वस्तीची झाली असती का?

मात्र दुसरी बाजू लिहिली नाही, तर मी आईशी बेइमानी केल्यासारखे होईल. 'हस्तकला' या गोड शब्दाखाली पुष्कळ काही झाकले जाते. 'टाकाऊतून टिकाऊ' या स्पर्धेसाठी दुकानातून नवे कार्डशीट, मणी, टिकल्या आणणारे पालक मी पाहिले आहेत. टाकाऊ वस्तूसुद्धा विकत आणायची! मूल झोपलेले आणि आई रात्री बारापर्यंत त्याचा 'प्रकल्प' चिकटवते आहे, ही काय कला झाली? अंगणवाडीतही कागद, रंग, सुतळी पुष्कळदा ताईंच्या पदरचीच असते. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी सुरू केलेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला, तो काही हौसेने नव्हे. तेव्हा आमच्या घरात चूल जपून पेटत होती. म्हणून हाताने केलेल्या सजावटीचे गोडवे गाताना ते हात कोणाचे, वेळ कोणाचा आणि खर्च कोणाचा, हे विचारलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, पन्नास रुपयांत तयार माळ मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आली. त्याची जागा आता चमकीने घेतली आहे. ती ओढ्यात जाते आणि तेथेच राहते, हा एक मुद्दा. पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. सजावट ही शाळेसाठी असेल तर विकत आणा. ती मुलांसाठी असेल तर ती मुलांनीच, शाळेच्या वेळात, शाळेच्या खर्चाने केली पाहिजे. वाकडी झाली तर वाकडी टांगावी. परीक्षकाने तिला क्रमांक देऊ नये.

गुरुजनांना आणि मित्रांना एक विनंती आहे. पुढच्या शिबिरात सात दिवसांपैकी एक दिवस यासाठी ठेवावा. आपल्या ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे पडून असतात, ती न्यावीत. चिंचोके वाडीवर मिळतात. आपण कात्री धरावी, चिकटवू त्यांनी द्यावे. निघताना काहीही उतरवून आणू नये. आणि शक्य असेल तर त्याच वाडीवर जावे, कारण त्या पोराचे उत्तर आपल्याकडे बाकी आहे.

हा लेख मी आईला वाचून दाखवला. ती पताका कापत होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, "लिवायला काय जातंय? हितं कात्री धर."

धरली आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा