देणगीची पाटी आणि हक्काची शाळा

एखादा सेवाभावी क्लब खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेला रंग देतो, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधतो. त्याचे स्वागतच आहे. परंतु भिंतीवर देणगीदाराची पाटी लागली की मुलांना हक्काची गोष्ट उपकार वाटू लागते, आणि शासन नामानिराळे राहते. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, ते राज्याचे कर्तव्य म्हणून. आज पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अट आहे. अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. सरकारी शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. तेव्हा बांधवांनो, भगिनींनो, क्लबचे आभार जरूर माना. पण समितीच्या बैठकीला जा आणि मागणी लेखी नोंदवा.